पुठ्ठे काढलेली पुस्तकं

सोमवार, १८ फेब्रुवारी

त्रेचाळीस डिग्री. इथे दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. अंगणातलं डांबर बुटाला चिकटत होतं. जेवणाच्या रांगेत एकाने दुसऱ्याच्या तोंडावर साखर विरघळवलेलं उकळतं पाणी फेकलं. साखर कशाला, तर ती कातडीला चिकटते आणि निघताना कातडी घेऊनच निघते. किंकाळी तुरुंगाच्या वाचनालयापर्यंत आली. मी नोंदवहीत 'वाचक : चार' असं लिहिलं आणि पुढचं काम सुरू केलं. सहा वर्षांत माणूस इतका निबर होतो. स्वतःबद्दल असं लिहायला बरं वाटत नाही, पण स्वतःच्याच वहीत खोटं कशाला लिहू?

आता चांगली बातमी. गावातला तो म्हातारा दातांचा डॉक्टर गेला आणि त्याच्या मुलींनी त्याची सगळी पुस्तकं तुरुंगाला देऊन टाकली. अकरा खोकी, आणि सगळं मध्ययुग! तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण इतकं घबाड कधी हाती लागलं नव्हतं. काल रविवारभर घरी स्वयंपाकघरात छाननी केली. माझी पद्धत जुनीच आहे, पुस्तक मागून उघडायचं. टिपा आहेत का, संदर्भ आहेत का, सूची आहे का? लेखकाने हे कुठून आणलं ते सांगितलंय का? नसेल तर वर सोनेरी घोडेस्वार का छापलेला असेना, पुस्तक बाजूला. दोन तर असली बाडं निघाली, साडेसहाशे-साडेसहाशे पानांची. राजा मरताना मनात काय म्हणाला तेही त्या लेखकाला ठाऊक! टाकून देणार होते, पण दया आली.

मग पाव कापायच्या सुरीने कडक पुठ्ठे काढले. नियमच आहे, पुठ्ठ्यासकट पुस्तक आत जात नाही. पुठ्ठ्यात काहीबाही लपवतात म्हणे. चांगल्या शिवणीच्या पुस्तकाचा पुठ्ठा फाडताना मी मनातल्या मनात बांधणाऱ्याची माफी मागते.

खोकी उचलायला केल ब्रॅनॉक होता. नऊ वर्षांपूर्वी याने पबच्या दारात एकाला एकच ठोसा मारला. तो माणूस फुटपाथवर डोकं आपटून मेला. तेव्हापासून हा आत. आता पन्नास दिवस राहिलेत, नऊ एप्रिलला सुटणार. पोर्ट लिंकन बंदरात बहीण आहे, नोरीन. तिने याच्यासाठी ट्यूना मासे पकडणाऱ्या बोटीवर काम बघून ठेवलंय.

"मिस, यातलं एखादं मला द्या की. पण बारीकसं द्या हं. जाड पाहिलं की मला झोप येते."

"बारीक हवं असेल तर औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाच," मी म्हटलं. हसला. एक शंभर पानांचं दिलं, खेड्यातल्या शेतकऱ्यांवरचं. उत्तम संदर्भ आहेत.

बुधवार, २० फेब्रुवारी

नव्या कैद्यांची गाडी आली. त्यांना वाचनालय दाखवायला सेमिसी घेऊन आला. सेमिसी म्हणजे टोंगा बेटांवरून आलेला आमचा पहारेकरी, दरवाजाएवढा माणूस, बोलणं मात्र पाळण्यातलं पोर झोपवल्यासारखं. नव्यांत वेड टॉर्पी नावाचा एकजण होता. तिशीचा, केस नीट विंचरलेले, माझ्याकडे बघून मान लववली. बरा वाटला.

केल तेव्हा खिडकीशी बसून वाचत होता. त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. म्हटलं, उकाडा बाधला. पाणी दिलं. तासाभराने तो शेतकऱ्यांचं पुस्तक परत घेऊन आला.

"एवढ्यात वाचलंस?"

"जाड आहे का एखादं? तिथलं सगळ्यात जाड."

दोन दिवसांत माणूस जाड पुस्तकावर आला! मी त्याला मागून उघडायची पद्धत शिकवली. त्याने ऐकून घेतलं आणि मग नुसतं अंगठ्याने पानं दाबून पाहिली, आंबा बघावा तशी. नेमकी ती दोन बाडं उचलली. एका वेळी दोनच नेता येतात. मी सांगितलं, "अरे, ही भिकार आहेत."

"असू देत मिस. मला हीच चांगली वाटतात."

बुधवार, २७ फेब्रुवारी

आज केलशी तासभर बोलले. शाळेतसुद्धा असले प्रश्न कुणी विचारले नव्हते.

"मिस, त्या काळी एकाने दुसऱ्याचा भाऊ मारला, तर तो दुसरा काय करायचा?"

"मारायचा. नाहीतर घराण्याची नाचक्की. मग यांच्यातलं कुणीतरी उठून त्यांच्यातल्याला मारायचं. पिढ्यानपिढ्या चालायचं."

"आणि भाऊ सावत्र असेल तर? आडनावं वेगळी?"

"रक्त तर एकच ना!" मी शिकवण्याच्या भरात म्हटलं.

"हो. आपल्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला मात्र ते कळत नाही," तो म्हणाला आणि उगाच हसला.

मग मी चर्चच्या आसऱ्याचं सांगितलं. खून करून माणूस चर्चमध्ये शिरला, तर चाळीस दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. बाहेर मयताचे नातेवाईक कुऱ्हाडी घेऊन उभे, आत हा. चाळीस दिवसांनी त्याने हातात लाकडी क्रूस धरून अनवाणी बंदरापर्यंत चालत जायचं आणि मिळेल त्या जहाजाने देश सोडायचा.

"बंदरापर्यंत," केल म्हणाला. बोटं मोजली. "उद्यापासून बरोबर चाळीस दिवस राहतात, मिस. एक्केचाळिसाव्या दिवशी मी पोर्ट लिंकनला!"

"तुला कुणी त्रास देतंय का रे?"

"दिला तरी सांगणार कसं? चुगली केली की संरक्षणाच्या बराकीत टाकतात. तिथे लहान मुलांना हात लावणारे असतात. आणि तिथे गेलं की चौकशी, चौकशी म्हणजे तारीख पुढे. बोट काय थांबणार आहे माझ्यासाठी?"

नाव काही सांगेना. या लोकांना नाटकं फार. पण विद्यार्थी म्हणून सोनं आहे.

सोमवार, ४ मार्च

केलने दोन्ही बाडं मुदत वाढवायला आणली. शिसारी आली. कडेला चिकटपट्टीचे डाग, कण्यावर चादरीच्या चिंधीची गाठ, पानं घामाने ओली होऊन फुगलेली.

"अरे, हे पुस्तक आहे की घोड्याचं खोगीर? उशाला घेऊन झोपतोस का?"

"उशाला नाही मिस. पण जवळ असतं."

मुदत वाढवून दिली. तरी कार्डावर 'पुस्तकाची निगा ठेवत नाही' असं लिहिलं. शिस्त ती शिस्त. त्याने ते उलटं वाचलं. "हे कार्ड सुटकेच्या मंडळाकडे जातं का हो?" "जातं," मी म्हटलं. त्याने फुगलेली पानं तळहाताने सपाट केली.

बाहेरच्या पॅसेजमध्ये आज दुपारी एकाने मोज्यात ट्यूनाचे दोन डबे घालून दुसऱ्याचा जबडा फोडला. दात माझ्या दारापर्यंत घरंगळत आले. मी झाडूने लोटले.

शुक्रवार, १५ मार्च

माझं डोकं फिरलंय.

काल केल न्हाणीघरात पडला म्हणे. दोन्ही हातांवर टाके, बोटं फाटलेली. कुणीतरी घसरून पडताना पात्यासारखं काही मुठीत धरावं, तशा जखमा. आज पुस्तक घेऊन आला तर त्याला आरपार भोक! आरपार नाही, पहिल्या पानापासून तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पानापर्यंत. वर बोटभर रुंद, खाली सुईएवढं. मला काय कळत नाही? सुतारशाळेतलं दाभण आणून पुस्तक पोखरलंय, आत काहीतरी लपवायला.

"न्हाणीत घसरलो, मिस."

"आणि पुस्तकही घसरलं का?"

यावर तो इतका हसला की टाके दुखून डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "पण एक सांगा. वेढ्याच्या प्रकरणात तो किल्लेदार पाण्याविना नऊ दिवस काढतो, दहाव्या दिवशी काय होतं? तिथलेच शब्द भोकात गेलेत."

म्हणजे वाचतोय तर खरा! मी सांगितलं, दहाव्या दिवशी दार आतून उघडलं गेलं. आपल्याच माणसाने, शत्रूच्या गोड बोलण्याला भुलून. मग तीन दिवस कत्तल. गल्ल्यांतून घोट्याएवढं रक्त, असं हा लेखक म्हणतो, पण त्याला काही आधार नाही.

कार्डावर 'पुस्तकाची नासधूस' लिहिलं. सुटकेचं मंडळ आठवलं. पण लिहिलं.

सोमवार, २५ मार्च

आज मन प्रसन्न. वेड टॉर्पी आपण होऊन वाचनालयात आला. महिनाभर नुसता अंगणाच्या कोपऱ्यात बसायचा, लाजरा वाटायचा.

"मिस, तो ब्रॅनॉक सारखा काय वाचतो हो?"

मी सगळं सांगितलं. चर्चचा आसरा, चाळीस दिवस, सुडाची परंपरा. ऐकताना त्याने एकदाही डोळे मिटले नाहीत.

"त्याच्याकडची ती दोन जाड पुस्तकं मला हवीत."

"त्यापेक्षा चांगली देते."

"नाही, तीच. दोन्ही. नियमाने मिळतात ना?"

मिळतात. दुसऱ्या वाचकाने मागणी-चिठ्ठी भरली की मुदत वाढत नाही, पुस्तक परत घ्यावंच लागतं. मी चिठ्ठी पुढे केली. सुंदर अक्षरात भरली त्याने. सेमिसी दारात उभा होता, म्हणाला, "हा वाचतो?" मी म्हटलं, "आपल्या वाचनालयाची हवाच तशी आहे."

सोमवार, १ एप्रिल

केलकडून दोन्ही पुस्तकं परत घेतली. असा हट्ट त्याने कधी केला नव्हता.

"आठ दिवस राहू द्या मिस. फक्त आठ दिवस."

"चिठ्ठी आहे. नियम तुझ्यासाठी मोडू?"

"कुणाची चिठ्ठी?"

"टॉर्पीची. बघ, तुझं बघून वाचायला लागला तो!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. बोलायला तोंड उघडलं, मागे बाकावर चार जण होते, त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटलं. "दुसरं जाड काही?" सगळी जाड बाहेर गेली होती. या महिन्यात जाड पुस्तकांना फारच मागणी आहे, मला तर अभिमान वाटला.

आणि माझ्याकडे त्याच्यासाठी आधीच एक काढून ठेवलेलं होतं. खोक्याच्या तळाशी सापडलेलं हिऱ्यासारखं पुस्तक. चर्चच्या आसऱ्यावरचंच, एकशे बारा पानं, अर्धी पानं टिपांची! आसरा घेतलेल्या प्रत्येकाचं नाव, तारीख, न्यायालयाची नोंद. असं पुस्तक शोधायला माणसाची हयात जाते.

त्याने मागून उघडलं, मी शिकवल्याप्रमाणे. टिपा पाहिल्या. मग दोन बोटांत धरून पाहिलं.

"चांगलं आहे, मिस. खरंच चांगलं आहे. पण पातळ आहे हो."

"तूच म्हणाला होतास ना, जाडाने झोप येते?"

"म्हणालो होतो खरा," तो म्हणाला.

बुधवार, ३ एप्रिल

केल आला नाही. वेड आला. पुस्तकं आवडली का विचारलं, तर फार आवडली म्हणाला. मग म्हणे, "ब्रॅनॉककडे आता काय आहे? संपलं की मला राखून ठेवा."

"आता एकच पातळसं आहे, पण अप्रतिम! शुक्रवारी दहाला परत आणतोय. तेव्हा घे."

"दहाला," तो म्हणाला. "थँक्यू, मिस. तुमची फार मदत झाली."

इतक्या वर्षांत इथे मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

शुक्रवार, ५ एप्रिल

जसं घडलं तसं लिहिते.

दहा वाजता पॅसेजमध्ये धप्प असा आवाज आला. नंतर ओरडणं नाही, काही नाही. नुसता बूट फरशीवर घासल्याचा आवाज. मी दार उघडलं. वेडच्या हातात पलंगाची लोखंडी पट्टी होती, सिमेंटवर घासून टोकदार केलेली, मुठीला टॉवेल बांधलेला. एक वार झाला होता. दुसरा माझ्यासमोर झाला. तिसराही. केल भिंतीला टेकून खाली सरकत होता आणि वेड त्याच्याबरोबर वाकत होता, घाई न करता. मला बघून वेडने पट्टी खाली ठेवली, हात पुढे केले आणि सेमिसीची वाट बघत उभा राहिला. म्हणाला, "माझा भाऊ होता तो. पबच्या दारातला."

मी गुडघ्यावर बसले, अंगातलं जाकीट काढून जखमेवर दाबलं. रक्त बोटांमधून वर येत होतं, गरम. शर्टाखाली काहीतरी कडक लागलं. सेमिसीने शर्ट फाडला. पोटावर, चादरीच्या चिंध्यांनी घट्ट बांधलेलं माझं एकशे बारा पानांचं पुस्तक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भोक. सगळ्या टिपांमधून.

केलने माझ्याकडे पाहिलं. "कार्डावर लिहू नका, मिस," तो म्हणाला. "चारच दिवस राहिलेत."

मी म्हटलं, "नाही लिहिणार रे. नाही लिहिणार." ऐकलं की नाही कोण जाणे. रुग्णवाहिका यायच्या आत संपलं होतं.

रक्त धुऊन झाल्यावर मी सेमिसीला विचारलं, "हे पुस्तक त्याने पोटाला का बांधलं?"

"सगळेच बांधतात, मिस. जितकं जाड तितकं बरं. म्हणून तर पुठ्ठे काढायला लावतात, पुठ्ठ्यातून पातं आत जात नाही." मग माझा चेहरा बघून थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटायचं, तुम्ही त्यांना मुद्दाम जाड देता."

सोमवार, ८ एप्रिल

चौकशीला राजधानीतून एक बाई आली. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, जाड पुस्तकं, पातळ पुस्तक, शुक्रवार, दहा वाजता. मीच सांगितलं त्याला, असंही सांगितलं. तिने पेन उचललंच नाही. म्हणाली, "पुस्तकांचं लिहायची गरज नाही. मयताचा सावत्र भाऊ याच तुरुंगात कसा आला, नात्याची नोंद कशी राहून गेली, तेवढं मला हवंय."

वेडच्या कोठडीतून दोन्ही बाडं परत आली. एक पानही उलटलेलं नव्हतं. केलच्या चिंध्यांच्या गाठी तशाच होत्या. मी भोकाचं पुस्तक फूटपट्टीने मोजलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी पानांवर पातं थांबलं होतं, पुढे अडीचशे पानं शिल्लक होती. ज्याला मी भिकार म्हणत होते, त्या पुस्तकाने त्याला न्हाणीघरातून जिवंत आणलं होतं. मी मात्र ते दाभणाचं भोक समजले. तीस वर्षं पोरांना सांगत आले, पुरावा बघा, पुरावा! आणि हा पुरावा माझ्या टेबलावर पडला होता.

शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकेक दिवसाची. तेहेतीस. तिथे मी पुस्तक काढून घेतलं.

मंगळवार, ९ एप्रिल

आज तो सुटणार होता. नोरीन त्याचं सामान न्यायला आली. ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई, हातात कागदात गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट. सुटताना त्याला घालायला काढून ठेवला होता, बातमी कळल्यावरही परत कपाटात ठेवायचं सुचलं नाही म्हणाली.

"तुम्हीच का त्या पुस्तकांच्या मिस? पत्रात लिहायचा तो. इथे एक बाई आहेत, मला चांगली पुस्तकं देतात म्हणून."

तिला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि रडायला लागले. उलट तिनेच माझी पाठ थोपटली. ते मला अजून सहन होत नाही.

सोमवार, ६ मे

राजीनामा लिहिला होता, फाडला.

थंडी पडायला लागलीय. आज एक नवा कैदी आला, ऑस्कर लेनाहन, पन्नाशीचा, गालावर ताजा चरा. कपाटापुढे उभा राहिला, पण नावं वाचेना, नुसती जाडी बघत होता.

"मिस, इतिहासाचं काही चांगलं आहे का?"

"किती दिवस राहिलेत तुमचे?"

तो दचकला. "बासष्ट."

"बुधवारी या. तोवर हे न्या," म्हणत मी कपाटातली सर्वांत जाड दोन काढून दिली. मागून उघडून बघितली नाहीत.

रात्रीचं जेवण झाल्यावर डॉक्टरच्या खोक्यांतलं राजघराण्यांच्या वंशावळींचं पुस्तक टेबलावर घेतलं. आठशे पानं, कडक पुठ्ठ्यावर कापडी बांधणी. सुरीही काढली होती. ती परत खणात ठेवली आणि पुस्तकाला तपकिरी कागदाचं साधं कव्हर घातलं, शाळेच्या वहीला घालतात तसं.

बुधवार, ८ मे

सकाळी फाटकावर सेमिसी होता. त्याने वंशावळींचं पुस्तक हातात घेतलं, कव्हरावरून अंगठ्याने दाबलं. आत कडक लागलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही. त्याने शिक्का मारला आणि पुस्तक माझ्या पिशवीत परत ठेवलं.

दहा वाजता लेनाहन आला. पुस्तक घेतलं, जरा वजन पाहिलं आणि कागदाच्या आतला पुठ्ठा त्याच्या बोटांना लागला.

"वाचूनही बघा," मी म्हटलं. "बरं आहे."